व्हिटलॉकचे अकरा महिने

निधी गेली हे केदारला कळलं तेव्हा तो ऑफिसात मीटिंगमध्ये होता. मार्च महिना होता, शॉमबर्गमधला बर्फ अजून पुरता वितळला नव्हता. फोन हॉस्पिटलचा होता. नर्स फार हळू बोलत होती, आणि त्या हळू बोलण्यावरूनच त्याला समजलं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. निधी, त्याची बायको, कामावर असताना खुर्चीतच कोसळली होती. रात्री तो घरी आला तेव्हा तिने सकाळी लावलेला डिशवॉशर धुऊन थांबला होता. त्याने भांडी एकेक करून जागेवर ठेवली. दुसरं काय करायचं ते सुचेना.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात शेजारच्या विनीताकाकूंनी त्याचं नाव परस्पर पक्षाच्या स्वयंसेवकांत घातलं. निवडणूक तोंडावर होती. "शनिवारी भिंती बघत बसतोस, त्यापेक्षा लोकांची दारं वाजव," त्या म्हणाल्या. केदार ग्रीन कार्डवर होता, त्याला मतदानाचा हक्क नव्हता. पण भिंती बघून झाल्या होत्या. तो गेला.

रिमझिम चालू होती. पक्षाच्या ऑफिसच्या दाराशी एक मुलगी ओले कागद झटकत उभी होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ.

"तू केदार ना? विनीताकाकू म्हणाली, उंच असेल आणि उदास असेल."

"एवढंच म्हणाल्या?"

"गाडी आहे, असंही म्हणाली. माझी गॅरेजमध्ये आहे. सो, तू माझा पार्टनर."

ती प्रीता. इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट, साठीच्या काकूंनाही अरे-तुरे करणारी. काम सोपं होतं. पक्षाच्याच लोकांच्या घरी जायचं आणि विचारायचं, उपाध्यक्षपदाचे आपले उमेदवार गव्हर्नर व्हिटलॉक तुम्हाला कसे वाटतात? मनापासून आवडत असतील तर एक, अजिबात नको असतील तर पाच.

पहिलंच घर मराठी मंडळातल्या रीमामावशींचं निघालं. मावशींनी आत बसवलं, चहा केला, चिवडा दिला. "माणूस हुशार आहे हो," त्या म्हणाल्या, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. गाडीत बसल्यावर प्रीताने ठसठशीत एक लिहिला.

"चार लिही," केदार म्हणाला.

"का? तिने चहा दिला, चिवडा दिला. दोनदा दिला."

"आपल्याकडे भांडायला आलेल्यालाही चहा देतात. आणि भांडण फार झालं तर चिवडा."

प्रीता हसत सुटली. मग तिने यादी उलटून पाहिली. "अरे देवा... मागच्या शनिवारी मी चहा प्यायले ती सगळी घरं एक केलीयत. बारा घरं, यार."

त्या बारा घरी ते दोघं पुन्हा गेले. या वेळी केदारने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत तो गप्प बसून राहिला. मग लोक बोलले. व्हिटलॉकची बायको वारली आणि अकराव्या महिन्यात त्याने दुसरं लग्न केलं. कर, शाळा, रस्ते, सगळ्यात तो पसंत होता. ते लग्न मात्र कुणाच्या घशाखाली उतरत नव्हतं. केदार निमूटपणे चार लिहीत गेला.

"अकरा महिने कमी आहेत का?" प्रीता गाडीत म्हणाली. "मग किती हवेत? बारा? अठरा? कुठे लिहिलंय?"

"लोकांना वाटतं तसं."

"आणि तुला?"

त्याने वायपर सुरू केला. तिची नजर त्याच्या अंगठीवर गेली. "तुझी बायको नाही येत कधी?"

"नाही... ती नाही येत."

खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून प्रीता थोडी अंतर राखून बसू लागली. चिवड्यावरून चिडवणं थांबलं. केदारला ते लागलं, आणि लागलं म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली.

ऑक्टोबरच्या शेवटी पक्षाच्या ऑफिसात बैठक झाली. शेवटच्या पत्रकावर व्हिटलॉकचा फोटो छापायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. बैठक चालवणाऱ्या राजने आकडे वाचले. आपल्याच पक्षातले निम्मे लोक चार किंवा पाच.

"बरोबरच आहे," विनीताकाकू म्हणाल्या. "चितेची राख निवली नाही, आणि हा बोहल्यावर. अशा माणसाचा फोटो घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ?"

"काकू, तू त्याच्या घरी राहिलीयस का?" प्रीता म्हणाली. "त्याच्या मुलीनेच ते लग्न जमवलं."

"मुली काय, बापाच्या तोंडाकडे बघून काहीही करतात."

"मग तू पण बघ ना त्याच्या तोंडाकडे."

लोक हसले. केदार उठला. त्याला उठायचं नव्हतं.

"ते चार मीच लिहिलेत. लोक म्हणाले ते लिहिलं. पण माझं मत वेगळं आहे." त्याने खुर्चीची पाठ धरली. "माझी बायको जाऊन एकोणीस महिने झाले. काकूंना माहीत आहे, त्यांनी महिनाभर डबे दिले. एकोणीस महिन्यांत राख निवली नाही, आणि अकरा महिन्यांतही त्याची निवली नसेल. तरी त्याने लग्न केलं. मला तो वाईट वाटत नाही. आणखी काही सांगता येत नाही मला."

मतं घेतली गेली. फोटो नको असं नऊ जणांनी म्हटलं, हवा असं चौघांनी. काकूंनी कशालाच हात वर केला नाही.

बाहेर बारीक पाऊस होता. प्रीता त्याच्या गाडीपाशी उभी होती, भिजत.

"तू सांगितलं नाहीस."

"जमलं नाही."

"दर शनिवारी मी ती अंगठी बघायचे आणि स्वतःला रागवायचे... लग्न झालेल्या माणसाची वाट बघतेस म्हणून." तिने ओले केस मागे सारले. "मी वाट बघायचे, केदार."

तो म्हणाला, "मीही. शुक्रवारपासूनच."

ती हसली नाही. तिने त्याच्या बाहीवरचं पाणी बोटांनी पुसलं, आणि हात तिथेच राहू दिला.

"मग अडलंय काय? काकू?"

"काकू नाहीत. निधीची आई. नागपूरला एकटी असते. मुलगी गेली, आता मीच तेवढा आहे. आणि तिच्या घरीही लोक चहा पिऊन महिने मोजतील."

"पाच देईल ती मला?"

"माहीत नाही. ती आकड्यात बोलत नाही. रडेल."

"मग मी थांबते," प्रीता म्हणाली. "पण खूप नाही."

नोव्हेंबरात व्हिटलॉक हरला. फोटो छापला असता तर काय झालं असतं, यावर काकू आणि प्रीता अजून वाद घालतात. शनिवारी केदार प्रीताला घ्यायला जातो; दोघं तळ्याकाठी चालतात, थंडी वाढली की गाडीत बसतात. रविवारी सकाळी तो नागपूरला फोन लावतो. निधीची आई विचारते, जेवलास का, बर्फ पडला का, स्वेटर घालतोस ना. तो सगळ्याची उत्तरं देतो. ती फोन ठेवेपर्यंत तो थांबतो.

प्रीताचं अजून सांगितलेलं नाही.