डाव्या चाकाचा ब्रेक

“मग आधी मला वीक, स्टीफन! मी बी जुनीच हाय, माझ्याबी गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात. मिरजगावच्या त्या गिऱ्हाइकाला सांग, गाडीवर म्हातारी फुकट!”

“आई, हळू बोल. गॅरेज हाय हे.”

“ऐकू दे की! बापाची गाडी विकायला निघालेला पोरगा कसा दिसतो, ते बघू दे लोकांना.”

स्टीफनने डोळे मिटून घेतले. एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेला माणूस तो. झोप डोळ्यांत वाळूसारखी खुपत होती आणि मेरीबाईच्या तोंडाचा पट्टा घरापासून सुरू होता. केडगावात वैजनाथच्या गॅरेजसमोर गाडी जॅकवर उभी होती, पुढचं डावं चाक काढलेलं. वैजनाथ उकिडवा बसून हातातलं झिजलेलं ब्रेक पॅड उलटंपालटं करत होता. पॅड कसलं, नुसता लोखंडी पत्रा उरला होता. आतली डिस्क तापून तापून निळी पडली होती आणि तिच्यावर नखाने ओरबाडावं तशा चऱ्या उठल्या होत्या.

“दिवाळीला टाकलेलं पॅड हाय हे, मावशी,” वैजनाथ म्हणाला. “अन् उजवीकडचं बघा, कालच बसवल्यावानी. पॅड दाबणारा कॅलिपर बदलला, पाइप बदलला, तेल बदललं. कुठंच काय अडकत न्हाई. तरी डावंच झिजतंय. कुणीतरी सारखा पाय देऊन बसल्यावानी...”

बोलता बोलता तो थांबला. तिघांपैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

स्टीफनचे वडील याकोब मास्तर कोण, हे केडगावात कुणाला सांगावं लागत नाही. अर्ध्या गावाने स्टिअरिंग धरलं ते मास्तरांच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये, याच गाडीवर. शिकवणाऱ्याच्या डाव्या सीटपुढे, पायाशी, मास्तरांचा वेगळा ब्रेक होता. शिकणारा गडबडला की मास्तर एक शब्द न बोलता पाय दाबत. मरणही त्यांना त्याच सीटवर आलं. सविता नावाची मुलगी गाडी शिकत होती. रस्त्याच्या मधोमध गाडी अलगद थांबली, म्हणून तिने वळून पाहिलं तर मास्तर ताठ बसलेले, डोळे समोर आणि जीव गेलेला. ब्रेकवरचा पाय उचलायला दोन माणसं लागली.

पुढे क्लास बंद झाला, तो जादा ब्रेक कापून काढला, गाडी घरची झाली. पण मेरीबाईने त्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. लग्नाला जायचं असो की रविवारच्या उपासनेला, सगळे मागे एकमेकांच्या मांडीवर, आणि पुढची सीट रिकामी. “मास्तरांची जागा हाय ती,” एवढंच म्हणायची. या बाईपुढे चर्चच्या पाळकसाहेबांचं चाललं नाही, तिथं पाहुण्यांची काय कथा!

“आई,” स्टीफन म्हणाला. आवाजात राग नव्हता, राग धरायलाही अंगात बळ लागतं. “अकोल्याहून नॅन्सीला आणत होतो. रस्ता मोकळा, माझा पाय ॲक्सिलरेटरवर. अन् गाडी जागेवर उभी राहिली. मागून उसाचा ट्रक. त्या ड्रायव्हरनं शेतात घातला म्हणून माझी लेक आज हाय.”

“मास्तरांनी वाचवलं तिला. पुढं काहीतरी असंल.”

“पुढं काहीच नव्हतं, आई.”

मेरीबाईने पदर खांद्यावर ओढला आणि वैजनाथकडे मोर्चा वळवला. “तू सांग रे. टिकाऊ काय हाय तुझ्याकडं? झिजणार न्हाई असं.”

वैजनाथने खोकी मांडली. “हे कडक पॅड. स्वतः टिकतं, पण डिस्कला खातं. हे मऊ. ब्रेक लोण्यावानी लागतो, पण लवकर संपतं.”

“म्हंजी संसारच की. एकानं टिकायचं तर दुसऱ्यानं झिजायचं.”

“अन् हे सिरॅमिक. महाग हाय, पण दोघांनाबी सांभाळून घेतं. त्याच्यासंगं ह्या जाड डिस्का, दोन्ही चाकांना जोडीनंच टाकायच्या. जुन्या चऱ्यांवर नवं पॅड टाकलं तर पैसे पाण्यात. नीट वापरलं तर वर्षानुवर्षं बघायचं काम न्हाई.”

“हेच टाक. अन् स्टीफन, ऐक. हे बी झिजलं, तर वीक गाडी. मी हूं की चूं करणार न्हाई.”

स्टीफनने मान डोलावली. भांडण मिटलं नव्हतं, दोघं दमले होते इतकंच.

काम होईस्तोवर उन्हं कलली. वैजनाथने गुपचूप पुढे लिंबू-मिरची बांधली, ती मेरीबाईने तितक्याच गुपचूप तोडून त्याच्या खिशात कोंबली. “तुझं तुझ्यापाशी ठेव, बाबा. आमाला प्रभू हाय.” वैजनाथ हसला नाही. स्टीफनला म्हणाला, “नवे पॅड डिस्कवर बसू द्या. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवा, हळू ब्रेक दाबा, पुन्हा पळवा. अन् मधी थांबू नका.”

अरणगावच्या बाजूचा रस्ता त्या वेळी ओस होता. स्टीफन चालवत होता, मेरीबाई मागे, पुढची डावी सीट नेहमीसारखी रिकामी. दोन्हीकडे तुरीची शेतं काळवंडत चालली होती. गार वारा काचेच्या फटीतून बारीक शीळ घालत होता. स्टीफनने वेग घेतला, ब्रेक दाबला. गाडी सरळ, शहाण्या बैलासारखी हळू झाली. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. बरेच वेळा झालं. नव्या पॅडचा थोडा करपट वास आला. वैजनाथ म्हणालाच होता, येणार.

“बघ,” मागून आवाज आला, “काय झालं का?”

स्टीफनने ब्रेकवरून पाय काढला. गाडी हळू होतच राहिली.

त्याने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन कण्हलं. गाडी सूतभरही डगमगली नाही, हिसका बसला नाही; आणि हेच सगळ्यात वाईट होतं. अलगद, शिकवणाऱ्याच्या पायाने थांबावी तशी ती रस्त्याच्या मधोमध थांबली. करपट वास आता दाट झाला, जळक्या केसांसारखा. डाव्या चाकातून आवाज येत होता... टिक... टिक... तापलेलं लोखंड निवावं तसा. पण निवत काहीच नव्हतं.

“आई...”

“दिसतंय मला.”

डाव्या सीटपुढचं रबरी पायपुसणं खाली दबलं होतं. टाचेएवढा खळगा. त्या खळग्यावर काही नव्हतं.

मेरीबाई पुढे झुकली. आयुष्यभर जिच्या आवाजाने गल्ली जागी व्हायची, ती बाई कुजबुजल्यागत बोलली. “मास्तर... लई दमला असाल. मीबी दमले. पोरगं शिकलं आता, त्याला चालवता येतं. तुमी पाय काढा...”

बराच वेळ काही झालं नाही. लांब कुठंतरी मोटार पंप बंद पडला आणि त्याची घरघर थांबल्यावर कळलं की इतका वेळ ती ऐकू येत होती.

मग रिकाम्या सीटवरून, कुणी मोठं ओझं खाली ठेवावं तसा, सुस्कारा आला. आणि त्या सुस्काऱ्यात शब्द.

“बरं...”

रबरी पायपुसण्यावरचा खळगा हळूहळू भरून वर आला. गाडी आपोआप पुढे ढळली.

स्टीफनच्या अंगावर सरसरून काटा आला, पण पाठोपाठ डोळे भरले. बापाच्या मरणाच्या दिवशीही तो रडला नव्हता. परतीच्या रस्त्यावर गाडी पाण्यासारखी वाहत होती. त्याने दोनदा उतरून चाकांना हात लावला. दोन्ही सारखीच कोमट. मागे मेरीबाई एक अक्षर बोलली नाही. रडत असेल, रडू दे, असं म्हणून त्याने आरशात पाहिलं नाही.

घराच्या फाटकाशी गाडी थांबली तशी नॅन्सी पळत आली. “पप्पा, झाली नीट? मला चक्कर!”

“झाली गं बाई. चल, आज तू पुढं बस.” स्टीफनला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. “आई, उद्या त्या मिरजगाववाल्याला न्हाई म्हणून कळवतो. गाडी राहू दे घरात.”

नॅन्सीने डावं दार उघडलं. एक पाय आत टाकला. मागून, गाडीतून उतरलेल्या मेरीबाईचा हात आला आणि तिने पोरीचं मनगट असं धरलं की पोरगी किंचाळली. खेचून बाहेर काढली, दार धाडकन लावलं आणि पाठ दाराला टेकून उभी राहिली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

“आता काय झालं?” स्टीफनचा संयम सुटला. “सकाळपासून तूच भांडतीस ना, गाडी ठेव म्हणून? तूच बोललीस, त्यांनी ऐकलं! गेले ते! मग कुणासाठी ठेवायची ती सीट रिकामी? माझ्या लेकीनं जन्मभर मागंच बसायचं का? सांग ना! ऐकलंस ना तूबी, बरं म्हणाले ते!”

मेरीबाईने नॅन्सीला घरात पिटाळलं. ती दिसेनाशी होईपर्यंत थांबली. मग अगदी हळू म्हणाली,

“चाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्यासंगं, स्टीफन... तो आवाज तुझ्या बापाचा नव्हता.”