आजोबांनी स्वस्त यंत्र का घेतलं?

शाल्मलीला एक कोडं पडलं होतं. ज्या आजोबांनी "नुसती किंमत पाहू नका, पुढचा खर्च पाहा" असं सांगून सांगून अख्ख्या गल्लीला भंडावून सोडलं होतं, त्यांनीच स्वतःसाठी दुकानातलं सगळ्यांत स्वस्त यंत्र घेतलं होतं.

चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणी बंद होऊन तेव्हा पुष्कळ वर्षं लोटली होती. घराघरांवर सौरकौलं (उन्हापासून वीज तयार करणारी कौलं) आली होती आणि सामान पोचवायला चार पायांचे यंत्रमानव दारोदार फिरत. पण शाल्मलीचे आजोबा, डॉ. वामन देवतळे, तरुणपणी त्या खाणींतल्या धुळीवर संशोधन करत होते. ती धूळ त्यांच्या छातीत राहून गेली होती. त्या वर्षी दसऱ्यानंतर चार पावलं चाललं तरी त्यांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी घरी प्राणवायूचं यंत्र ठेवायला सांगितलं.

यंत्र आलं, सुरू झालं. ते खोलीतलीच हवा आत ओढायचं. त्यातला कॉम्प्रेसर (हवा दाबून भरणारा पंप) ती हवा अगदी बारीक छिद्रांच्या खड्यांमधून ढकलायचा. खडे हवेतला नायट्रोजन वायू धरून ठेवायचे आणि उरलेला प्राणवायू नळीतून आजोबांच्या नाकाशी यायचा. काम चोख होतं, पण यंत्र वीज फार खायचं. छपरावरची पुरेना म्हणून बाहेरची विकत घ्यावी लागे. शिवाय त्याची गाळणी सारखी बदलावी लागे.

"आई, आजोबा फसले का गं?" शाल्मलीने विचारलं.

आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"नाना असे फसायचे नाहीत," ती म्हणाली. "त्यांनाच विचार." आणि ती तव्याकडे वळली.

शाल्मलीने आधी स्वतःच माहिती काढली. दुकानदाराला विचारलं, विजेचं बिल पाहिलं आणि संध्याकाळी आजोबांच्या पलंगावर जाऊन बसली.

"आजोबा, तुमचं यंत्र चाळीस हजारांचं. दुकानातलं चांगलं यंत्र एक लाख बारा हजारांचं. म्हणजे त्याला बहात्तर हजार जास्त पडले असते."

"बरोबर."

"पण किंमत एकदाच द्यायची असते. चालवायचा खर्च दर महिन्याला. तुमच्या यंत्राला वीज आणि गाळण्या धरून महिन्याला तीन हजार लागतात, त्याला एकच हजार लागला असता. म्हणजे महिन्याला दोन हजार वाचले असते."

"मग ते जास्तीचे बहात्तर हजार कधी भरून निघतील?"

"छत्तीस महिन्यांनी. तीन वर्षांनी दोन्ही यंत्रांचा एकूण खर्च सारखा होतो."

आजोबांचा चेहरा खुलला. "शाबास. त्या वेळेला बरोबरीचा टप्पा म्हणायचं. आता सांग, टप्प्याच्या अलीकडे कुठलं यंत्र परवडतं?"

"अलीकडे स्वस्त यंत्र. पलीकडे महाग. तीन वर्षांनंतर महिन्याला दोन हजारांचा निव्वळ फायदा, आजोबा. मग तुम्ही..."

बोलता बोलता ती अडखळली. आजोबा तिच्याकडे पाहत होते. त्यांना घाई नव्हती. अवघड उदाहरण सुटेपर्यंत ते नेहमी असेच थांबत.

"तुम्ही तीन वर्षं धरलीच नाहीत," ती हळूच म्हणाली.

"नाही धरली. डॉक्टर वर्षभर म्हणाले. मी दीड धरलं. माणसाला थोडा लोभ असतोच."

शाल्मलीला रडू फुटलं, आणि रागही आला. "आणि गणित चुकलं तर? तुम्ही पाच वर्षं राहिलात तर?"

"तर नुकसान होईल माझं," आजोबा तिला जवळ घेत म्हणाले. "फार आनंदाने सोसेन बघ."

शाल्मलीने त्यांच्या कुशीत डोकं खुपसलं. यंत्राची घरघर चालू होती.

दिवाळी झाल्यावर एकदा आजोबांनी दुकानदाराला बोलावून घेतलं. चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे भट्टीच. शाल्मलीच्या खोलीत थंडावा देणारं यंत्र बसवायचं होतं. दुकानदाराने दोन यंत्रं दाखवली, एक स्वस्त आणि एक तिप्पट किमतीचं.

"निवड तू करायची," आजोबा म्हणाले. "किती वर्षं वापरशील?"

तिने घाबरत घाबरत सांगितलं, "चार?"

"चारच? तू बारा वर्षांची आहेस. हात आखडता घेऊ नकोस, धर भरपूर."

महाग यंत्र तेवढं टिकतं असं दुकानदाराने सांगितलं, तेव्हा तिने तीस वर्षं धरली. महाग यंत्राचा बरोबरीचा टप्पा आठ वर्षांनी येत होता. त्यापुढची बावीस वर्षं नुसती बचत होती. आजोबांनी तेच घ्यायला लावलं. आई म्हणाली, "नाना, एवढं महाग?" त्यावर ते म्हणाले, "महाग नाही गं. हिला वापरायचंय ते."

माघात आजोबा गेले. दीड वर्षही झालं नाही, डॉक्टरांचं वर्षही पुरं झालं नाही. त्यांचं यंत्र आईने पुसून सरकारी दवाखान्याला देऊन टाकलं.

चैत्रात ऊन तापू लागलं. शाल्मलीची खोली भाजून निघू लागली, तरी ती नवीन यंत्र लावेना. घामाघूम होऊन पुस्तक उघडून बसे. आई दारात येऊन उभी राहिली.

"लाव ना ते, शाल्मली."

"लावते."

आई गेल्यावर ती यंत्रासमोर जाऊन उभी राहिली. त्याचा बरोबरीचा टप्पा येईल तेव्हा ती वीस वर्षांची असेल. काय शिकत असेल, कुणाशी भांडत असेल, हसत असेल की नाही, काही म्हणजे काही तिला ठाऊक नव्हतं. आजोबांना तरी कुठे ठाऊक होतं? पण तो दिवस येणारच असं धरून त्यांनी पैसे मोजले होते, आणि त्यापुढचे कितीतरी दिवसही.

तिने डोळे पुसले आणि बटण दाबलं.