अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

लोक नव्या खोलीत शिरले की आधी रंग बघतात, फरशी बघतात. भार्गवी बोर्ड बघायची. सवयच तशी. लातूरच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये ती चार वर्षं घरगुती वायरिंग शिकवत होती, आणि त्या दिवशी चंद्रप्रभामावशीच्या नव्या खोलीतला बोर्ड नेमका उघडा पडला होता.

स्टुलावर उभा राहून एक जण पंखा टांगत होता. उंच, सावळा, ओठांत दोन स्क्रू धरलेले.

"ही हिरवी वायर कसली?" भार्गवीने विचारलं.

त्याने स्क्रू तळहातावर घेतले. "फेज हाय ती."

"हिरवी... फेज?"

"लाल संपली होती, मॅडम. अन् दुकान बंद."

तिने पर्समधून टेस्टर काढला. (हो, पर्समधून. कंगवा एखादे वेळी विसरायची, टेस्टर नाही.) हिरव्या वायरीला टोक टेकवलं, तसा टेस्टरचा इवलासा दिवा लागला; वायरीत करंट होता.

"हिरवी म्हणजे अर्थिंग. उद्या दुसरा कुणी येईल, हिरवी दिसली म्हणून बिनधास्त हात घालील."

"आठ वर्षं झाली हे काम करतोय. आजवर कुणाची तक्रार न्हाई."

"तक्रार करायला माणूस शिल्लक तर राहिला पाहिजे!"

चहाचा ट्रे घेऊन आलेली मावशी दारातच थांबली. आता हा चिडणार, सामान उचलून चालायला लागणार... पण तो मुकाट्याने खाली उतरला, मेन बंद केला आणि ती हिरवी वायर पार मुळापासून ओढून काढली. मग मार्चच्या उन्हात सायकल दामटत गेला आणि तासाभराने लाल वायरचं बंडल घेऊन आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. भार्गवीकडे न बघताच म्हणाला, "हे... कुठं शिकवतात?"

"आमच्या सेंटरवर. वायरमन परमिटच्या परीक्षेची बॅच आहे, सकाळी आठला."

"यायला काय लागतं?"

"वेळेवर यावं लागतं."

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. आणि हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, ही गोष्ट भार्गवीला काही माहीत करून घ्यायची नव्हती. पण झाली खरी.

सोमवारी तो शेवटच्या बाकावर हजर होता. अमरेश त्याचं नाव, गाव शिरूर अनंतपाळजवळचं, रोज पहिल्या एसटीने यायचा. वयाने तिच्याहून वर्षभराने मोठाच, पण वहीत मात्र पहिलीतल्या पोरासारखा जीभ बाहेर काढून लिहायचा. एकदा वायरींच्या रंगांची उजळणी चालली होती, तर पठ्ठ्या नेमका हिरवा शर्ट घालून आला.

"काय हो, आज मुद्दाम?"

"आज मी अर्थिंग हाय, मॅडम. हात लावला तरी कुणाला धोका न्हाई."

सगळी बॅच खदखदून हसली. बोलून गेल्यावर तो स्वतःच कानापर्यंत लाल झाला. भार्गवी फळ्याकडे वळली आणि उगाचच बराच वेळ फळा पुसत राहिली... पुसायला काही नव्हतं तरी.

मग एक दिवस त्याला उशीर झाला.

"पहिल्याच दिवशी काय सांगितलं होतं?" ती जरा कडक आवाजात म्हणाली.

"मी आधी केलेल्या घरांतली हिरवी काढायलोय, मॅडम. सुट्टीच्या दिवशी भागंना, म्हणून काल रात्री एका ठिकाणीच ऱ्हायलो." तो चपलांकडे बघत होता. "चौदा घरं होती तसली. अकरा झाली. झोपच येत नव्हती हो, तुम्ही बोलल्यापासून."

त्या दिवशी तिने लेटमार्क लावला नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच. उरलेली तीन घरंही त्याने महिनाअखेर उरकली.

एप्रिल तापला. सेंटरच्या मागे, कडुलिंबाखाली, अर्थिंगचा खड्डा होता. आत कोळसा, मीठ आणि मधोमध पाइप. करंट कुठे फुटला तर तो जमिनीत जावा म्हणून खड्ड्यात ओल जपायची असते. भार्गवीने मीटर लावून दाखवला : नऊ ओहम. आकडा पाचच्या आत हवा होता. "खड्डा सुकला की अर्थिंग नावापुरतं राहतं. उन्हाळ्यात रोज पाणी घालायचं."

झाडलोट करणाऱ्या केवळाबाईंनी तिथल्या तिथे हात झटकले. "प्यायला पाणी आठ दिसाला येतंय, अन् खड्ड्याला रोज? मी न्हाई देणार, आधीच सांगते."

त्यांचंही खरंच होतं. लातूरच्या उन्हाळ्यात पाणी मागायचं तरी कोणत्या तोंडाने?

मे महिन्यात नांदेडहून पत्र आलं. तिथे नवं सेंटर निघत होतं, प्रमुख म्हणून भार्गवी हवी होती. असं काही व्हावं म्हणून तिने वर्षभर वाट पाहिली होती. आणि आता पत्र पर्समध्ये टेस्टरशेजारी पडून होतं, आणि तिला हो म्हणवेना. बॅचला बातमी कळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या बाकावरून एकही टाळी आली नाही.

उत्तर द्यायचा शेवटचा दिवस आणि परीक्षेचा दिवस एकच निघाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी सेंटरच्याच अर्थिंगला मीटर लावला. खड्ड्याला पाणी कुणी घातलंच नव्हतं, आणि अर्थिंग नापास म्हणजे इथे परीक्षाच होणार नाही, हे भार्गवीला ठाऊक होतं. गेली... बॅचची परीक्षा गेली...

"तीन ओहम," परीक्षक म्हणाले. "या दिवसांत? छान राखलंय."

तीन? तिने केवळाबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? ते शिरूरचं पोरगं घालतंय की. महिना झाला. गावच्या विहिरीचं पाणी कॅनमधी भरून रोज एसटीनं आणतंय. 'मॅडमला सांगू नका बाई,' म्हणलं. आता तुम्ही विचारलंच, तर मी काय खोटं बोलू?"

दुपारी निकाल सांगितला गेला. अमरेश पास झाला होता. सगळे पेढे आणायला पळाले. तो दिसेना, तशी भार्गवी थेट मागे कडुलिंबाखाली गेली. पाच लिटरचा कॅन घेऊन तो तिथेच उभा होता.

"आता कशाला? परीक्षा तर झाली."

"खड्ड्याला काय माहीत?" तो दचकून म्हणाला. मग हळूच, "नांदेडला चाललाव म्हणे."

"पाचपर्यंत कळवायचंय. तुम्हाला काही... म्हणायचंय?"

"परमिट हातात आलं की म्हणणार होतो. तवर कोणत्या तोंडानं बोलू? तुमच्या लेखी मी हिरव्या वायरचा माणूस."

"माझ्या लेखी," भार्गवी म्हणाली, "तुम्ही चौदा घरांचा माणूस आहात."

कडुलिंबाची पिवळी पानं कॅनवर टपटपली. त्याने ती एकेक करून झटकली.

"नांदेडलाही नवा खड्डा आहे," तीच पुढे म्हणाली. "त्याला पाणी कोण घालणार?"

"तिथं गोदावरी हाय, मॅडम. पाण्याची काय कमी!"

"पाण्याची नाही. घालणाऱ्याची."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग ती खळी पडली – पूर्ण, खोल. "नांदेडात घरं लई व्हायलीत म्हणे. वायरमन लागतच असंल."

"परमिटवाला लागतो."

"महिन्यात येतंय परमिट. त्याच्या मागोमाग मी."

"आणि तिथं मला मॅडम म्हणायचं नाही."

"बरं... भार्गवी..." त्याने कॅन या हातातून त्या हातात घेतला. "...मॅडम."

ती इतकी हसली की तोल सावरायला तिला तो कॅनच धरावा लागला. उरलेलं पाणी दोघांनी मिळून पाइपात ओतलं. पाच वाजायला दहा मिनिटं असताना तिने नांदेडला कळवलं : येते.

सोमवारच्या एसटीत तिच्या सामानात एक रिकामा कॅनही होता. तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, "मॅडम, लातूरहून नांदेडला रिकामा कॅन? तिथं गोदावरी असताना कॅन कशाला?"

"राहू द्या," खिडकीकडे तोंड वळवत भार्गवी म्हणाली, "त्याचा मालक मागून येतोय."