मशीन ज्याला ओळखत नव्हतं

"पोरी, ज्या मानसाच्या नावाचा कागद आहे, त्याचं तोंड डोयांपुढं आन. मंगच सई कर."

खुशालरावांचं हे वाक्य रागिणीच्या कानात अजून तसंच आहे. नांदगाव पेठेतल्या एका कापड रंगवायच्या कंपनीत ते तीस वर्षं कायद्याचं काम पाहायचे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर माझ्या बहिणीची मुलगी रागिणी बसली. ती माझ्याजवळच राहते, अमरावतीत.

मी रोज पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय पाणी घेत नाही. त्या तोंडानं खोटं सांगणार नाही. हे घडलं मागच्या चैत्रात, गुरुवारी, भर दुपारी.

रात्र नव्हती, अंधार नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटते...

खुशालरावांच्या वेळी कंपनीचा वकील म्हणजे स्टोअरशेजारच्या खोलीत बसून "हे जमणार नाही" म्हणणारा माणूस. रागिणीला काचेची केबिन मिळाली. प्रत्येक मीटिंगमध्ये खुर्ची मिळाली. मॅनेजर ललितसर म्हणायचे, "मॅडम, तुम्ही आता नुसत्या वकील नाही, धंद्यातल्या भागीदार आहात. जमत नाही हे कुणीही सांगतं. कसं जमवायचं ते तुम्ही सांगा."

पोरीला ते गोड वाटलं. मलाही वाटलं.

तिनंच नियम लिहिला. हजेरीचं रजिस्टर बंद. अंगठ्याचं मशीन सांगेल तेच खरं.

मग एक दिवस रंगखात्यातला धर्मपाल तिच्या दारात उभा राहिला. अकोल्यापलीकडच्या बाळापूरचा माणूस. बायको सुंदराबाई तिकडेच असायची. त्यानं उजवा अंगठा पुढे केला. बारा वर्षं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजून त्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखा गुळगुळीत.

"म्याडम, मशीन मले वळखत नाही. दहा डाव म्हनते, प्लीज ट्राय अगेन. मी कामावर होतो, हे मंग कोन सांगन?"

"मी सांगेन," रागिणी हसून म्हणाली.

"पाहा बरं. वकिलाचा शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी ती विसरली.

दोन महिन्यांनी एका रविवारी धर्मपालला सांडपाण्याच्या टाकीत उतरवलं. गाळ काढायला.

तो वर आला नाही...

गुरुवारी ललितसर प्रतिज्ञापत्र घेऊन केबिनमध्ये आले. दुसऱ्या हातात कचोरी. 'सदर इसम त्या दिवशी कामावर नव्हता. चोरीच्या हेतूने आवारात शिरला.' पुरावा? मशीनमध्ये हजेरी नाही.

पंचनाम्याचा फोटो टेबलावर होता. धर्मपालचं जांभळं पडलेलं तोंड. कचोरीचं तेल त्या तोंडावर टपकलं. सरांनी ते बोटानं पुसलं... आणि बोट चाटलं.

"लेबर ऑफिसात चारच्या आत द्यायचं आहे. सही मारा."

"सर, तो कामावर होता. मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे. मशीनला नाही ना. आणि नियम कुणी लिहिला, मॅडम?"

हसतच गेले.

रागिणीनं पेन उचललं. हो, उचललं. तिनं स्वतः मला सांगितलं.

दुपारचे सव्वादोन. जेवणाची सुट्टी. बाहेर चिटपाखरू नाही.

आणि दाराजवळचं मशीन बोललं...

"प्लीज ट्राय अगेन."

तिनं काचेतून पाहिलं. कुणीच नव्हतं.

"प्लीज ट्राय अगेन."

जरा थांबून, पुन्हा... पुन्हा...

तिनं मोजलं. दहा वेळा.

मग सगळं गप्प. यंत्रांची घरघर सुट्टीतही चालू असते. तीसुद्धा नाही.

मग वास आला. सडक्या अंड्यांचा, आणि त्यात रंगाची आंबट वाफ. तो नाकात थांबला नाही, जिभेवर येऊन बसला.

वास मागच्या कपाटातून येत होता.

कपाटात खुशालरावांच्या वेळचं रजिस्टर होतं, तिनंच बंद करून ठेवलेलं. तिनं ते उघडलं. शेवटच्या नोंदीनंतरची पानं कोरी असायला हवी होती...

प्रत्येक पानावर तारीख. तारखेपुढे अंगठा. जांभळा, ओला. एकाही ठशात रेष नाही.

शेवटचा ठसा त्या रविवारचा.

त्याच्यापुढे आणखी एक होता... आजच्या तारखेचा. तिच्या डोळ्यांदेखत तो कागदात पसरत होता.

तोंड डोळ्यांपुढे आणायला तिला काहीच करावं लागलं नाही.

सही न करता ती रजिस्टर पिशवीत घालून घरी आली. अंगणातच ओकली.

संध्याकाळी कंपनीतून शिरा आला. टाकी शुद्ध व्हावी म्हणून ललितसरांनी तिच्या काठावर सत्यनारायण घातला होता. जन्मात मी कधी प्रसादाला नाही म्हटलं नाही. त्या दिवशी घास तोंडाशी नेला आणि मला त्या टाकीचाच वास आला. द्रोण खाली ठेवला. देवानं माफ करावं. त्याच्या नावानं ते काय पुसत होते, ते त्याला दिसलंच असेल.

रात्री रजिस्टर मी स्वतः चाळलं. पानं कोरी होती. कोरडी होती.

पण माझी बोटं जांभळी झाली. आठ दिवस पूजेला बसताना मी ती पदराआड धरायची...

रजिस्टर अजून देव्हाऱ्याखाली आहे. मी ते उघडत नाही.

शुक्रवारी पहाटे माझा अध्याय संपला, तर रागिणी तयार होऊन उभी.

"नोकरी जाईल ना वं," मी म्हटलं.

"जाईल."

"पानं तर कोरी आहेत. दाखवशील काय?"

"दाखवायचं नाही, मावशी. सांगायचं आहे. आधी सुंदराबाईला, मग लेबर ऑफिसात. तो कामावर होता, एवढंच. मी म्हटलं होतं त्याला."

तिनं देवाला हात जोडले, चपला घातल्या, फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि अकोल्याच्या गाडीसाठी स्टँडकडे चालायला लागली.