ऐंशी घोड्यांची गाडी

नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर, पन्नासच्या दशकातल्या एका सकाळी, दोन बैल, एक पोरगी आणि एक मर्सिडीज समोरासमोर आली आणि कुणीच मागे हटेना. बैल बकारामचे, शंकरपटाच्या शर्यतीत धावणारे, म्हणून भलते मानी. पोरगी बकारामचीच, चंद्रकांता, ती बैलांपेक्षा मानी. राहता राहिली ती राखाडी गाडी, गोंदियाच्या राइस मिलवाल्या नंदलाल शेठची. तिच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

“गाडी हटवा जी, माह्ये बैल बुजून राहिले.”

“बैल कायचे बुजतात? गाडीच बुजली तुमाले पाहून.” बॉनेटखालून एक डोकं वर आलं. गालाला तेल, आणि वर ते हसू… पण आपण आधी तेलच पाहिलं, असं चंद्रकांता पुढे शपथेवर सांगायची. “लोटाभर पानी मिळन का? तिच्यासाठी.”

“गाडी पानी पेते?”

“पेते. लवकर गरम होते ना. तुमच्यासारखी.”

अस्सा राग आला चंद्रकांताला! पण पाणी तिनं आणून दिलं. आता का दिलं, ते तिलाच विचारा.

तो उमराव. शेठचा ड्रायव्हर, कुडव्याच्या चैतरामचा पोरगा, म्हणजे जातीपातीनं घरचाच. शेठला तलावावरच्या बदकांच्या शिकारीचा नाद, म्हणून थंडीभर दर रविवारी गाडी यायची. शेठ बंदूक घेऊन उतरले, की बरोबर बकारामच्या घरासमोर तिला तहान लागायची. एवढी जर्मनीची गाडी, तिला नेमकी तिथंच तहान कशी लागावी? पण लागायची बुवा! आणि चंद्रकांता लोटा घेऊन जायची.

“बिडीवाल्या शेठची जॅग्वार मोठी, का तुमची?” एका रविवारी तिनं विचारलं. दोन्ही गाड्यांवरून तेव्हा अख्ख्या गोंदियात वाद चालायचा.

“सिलिंडर दोघींलेही सहा. पन जॅग्वारचं इंजन मोठं. एकशे साठ घोड्याचा जोर आहे तिच्यात.”

“अना तुमच्या?”

उमरावनं कान खाजवला. “…ऐंशी.”

“अगा माय! अर्धीच?” चंद्रकांता तोंडाला पदर लावून हसली. “मंग कायच्या तोऱ्यात राहता?”

“जोर म्हंजे सारं असते का? जॅग्वार विलायतची, सरळ रस्त्यावर तिले कोनी धरू नाही शकत. मोठमोठे दोन कार्बोरेटर आहेत तिले. पेट्रोलही मस्त ढोसते. पन आपले रस्ते पाह्यले ना? माह्या गाडीचे चारी चाकं आपापलं पाहतात. एक खड्ड्यात गेलं, त दुसऱ्याले खबर लागत नाही.”

“एकमेकाची खबर नसनं चांगलं का?”

उमरावनं फडक्याला हात पुसले. मग खाली बघत म्हणाला, “मानसायचं अलग राह्यते… मले त सोमवारपासून खबर लागून राह्यते, का रविवार कवा येते.”

चंद्रकांताच्या हातातल्या लोट्यातलं पाणी सांडलं. ती घाईनं दुसरंच बोलली, “अना हे कार्बोरेटर का असते?”

“गाडीचं नाक समजा. तेथून हवा ओढते. लय धूळ गेली, त बिचारी खोकलते.”

बिचारी! तिच्या मनात ते घर करून बसलं.

पौषात गावचा शंकरपट भरायचा होता. त्याच्या आदल्या रविवारी उमराव आला तो तोंड पाडून. दोन्ही शेठ गाड्यांवरून क्लबात भांडले होते, आणि भांडण पटावर मिटवायचं ठरलं होतं. बैलांच्या धावा झाल्या की दोन्ही गाड्या धावणार, पंच बकाराम.

“मंग धावा ना!”

“हरलो, त शेठ गाडी रायपूरच्या गिऱ्हाइकाले विकनार. अना गाडीसंगं मलेही तेथी पाठवनार.”

रायपूर! सगळा हिवाळा चंद्रकांताच्या डोळ्यांसमोरून गेला. आता हा गेला तर आपल्याला करमायचं नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

पटाच्या दिवशी धूळ उडू नये म्हणून बाया धान कापलेल्या शेतातल्या धावपट्ट्यांवर पाण्याचा हलका शिडकावा करायच्या. दोन पट्ट्या, शेजारी-शेजारी. मर्सिडीजची पट्टी चंद्रकांतानं मागून घेतली. घागरीएवढा एक गुंड ओतून झाला, दुसरा झाला, तिसरा झाला… बिचारीच्या नाकात कणभरही धूळ जायला नको! माया करायला लागली की या पोरीला मापच राहायचं नाही.

झेंडी पडली. जॅग्वार डरकाळी फोडून सुटली. मर्सिडीज चार हात गेली अन् धानाच्या त्या काळ्या मातीत मागची चाकं गरगरा फिरायला लागली. उमराव हळू पेट्रोल देऊन बघतो, गिअर बदलून बघतो, पण गाडी आपली तिथंच! शेवटी बकारामच्या बैलांची, पाखऱ्या-मोत्याची, जोडी जुंपून तिला बाहेर ओढली. लोक पोट धरून हसत होते.

नंदलाल शेठ लालबुंद झाले. “बस! बेच दो इसको! कल ही!”

बायांच्या गर्दीतून चंद्रकांता उठली. हजारभर माणसं, बहुतेक गडी, समोर बाप. तरी ती पट्टीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“गाडीचा दोष नाही बाबा. पानी म्या टाकलं. लय टाकलं.”

“काऊन टाकलं?” बकारामचा आवाज चढला.

“तिच्या नाकात धूळ जाऊन राह्यते म्हनून…”

“गाडीच्या नाकाची तुले कायची फिकर?”

चंद्रकांतानं मान वर केली. “गाडीची नाही, बाबा.”

अख्ख्या पटाच्या माना गाडीतल्या उमरावकडे वळल्या. मग बाया आधी हसल्या, मागून गडी. उमराव स्टिअरिंगला धरून बसला होता, कानापर्यंत लाल. बकारामनं चिखल पाहिला, पोरीला पाहिलं, उमरावला पाहिलं आणि घसा खाकरला.

“पट्टी खराब, धाव रद्द. गाड्या सुक्या रस्त्यावर पुन्हा धावतीन.” मग तो गाडीच्या खिडकीशी वाकला. “अना तू बे! जिंक का हर, उद्या तुह्या बापाले माह्या घरी चाय प्याले धाड.”

पुन्हा धावल्या. मर्सिडीज सरळ गेली, झकास गेली आणि चांगली सणसणीत हरली! एकशे साठ ते एकशे साठच.

उमराव खाली उतरून शेठपुढे उभा राहिला. नंदलाल शेठनं गाडीकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग उमरावकडे.

“हारे तो हारे,” ते म्हणाले. “लेकिन बेच दूँगा, तो इसकी बारात किसमें जाएगी?”

गर्दी पांगल्यावर उमराव बॉनेटला टेकून उभा होता. चंद्रकांता लोटा घेऊन आली.

“हरलो,” तो म्हणाला.

“पाह्यलं.”

“अना हे पानी कायले? गाडी आज गरम नाही.”

“मालूम आहे,” चंद्रकांता म्हणाली. “त्या पह्यल्या दिवसानंतर एकदाही नव्हती. हे तुमी प्या.”