हेमलतेच्या वाटणीचा तुकडा

"ताई, आज पाळकसाहेब तबक घेऊन थेट स्वयंपाकघरात येणार आहेत... तेव्हा काय सांगशील?"

सुखदाच्या प्रश्नाने हेमलतेच्या हातातलं लाटणं जागीच थांबलं. सर्जापूर रोडवरच्या या दोघी बहिणींच्या फ्लॅटमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना भरे. नोकरीपायी नगर-सोलापूरकडून बेंगळुरूत आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबं जमत, शेजारच्या कानडी तुंगाबाई "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत खुर्च्या देऊन जात, आणि प्रभुभोजनाची बेखमीर, खमीर न घातलेली भाकर असे हेमलतेच्याच हातची. पण काय हा विपर्यास! जिने ती भाकर भाजावी, तिनेच तिचा कणही तोंडात घालू नये! भाकरीचं तबक फिरू लागलं की बाईंना नेमका चहा आठवे. जुन्या मंडळींच्या ते अंगवळणी पडलं होतं. नव्या पाळकांच्या नजरेतून मात्र सुटलं नाही.

"मागच्या महिन्यात त्यांनी मला कारण विचारलं," सुखदा म्हणाली, "मी सांगितलं, ती लाजते. उपासनेला बसून मी खोटं बोलले, ताई!"

लाजते! हेमलतेला खरं कारण ठाऊक होतं. नगरला असताना यशोवर्धनचं स्थळ आधी तिच्यासाठी आलं होतं. पोहे तिने केले, नवी साडी ती नेसली, आणि पसंत पडली धाकटी सुखदा! वरवर हसत तिने बहिणीला मिठी मारली... पण पुढच्याच रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिने यशोवर्धनच्या आईला अगदी काळजीच्या सुरात सांगितलं, "सुखदाला फिट्स येतात हं, तेवढं सांभाळून घ्या." शब्द न् शब्द खरा होता, हेतू मात्र विखारी! लग्न मोडलं. तेव्हापासून हेमलतेने स्वतःच स्वतःला शिक्षा सुनावली. आलेली स्थळं परतवली, सुखदाच्या नोकरीपाठोपाठ या परक्या गावी आली, तिचे डबे केले, तिची औषधं सांभाळली, फिट आली की तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बहीण असावी तर अशी, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून हिला धरणी पोटात घेईल तर बरं असं होई. पाप फिटल्याशिवाय प्रभूच्या मेजाशी बसायचं नाही, असा तिचा पण होता. आणि पाप काही केल्या फिटत नव्हतं.

बाहेर गीत सुरू झालं. हेमलतेला राहवेना.

"सुखदा... तुझं लग्न मी मोडलं ग! यशोवर्धनच्या आईला मीच सांगितलं होतं!"

"ठाऊक आहे मला," सुखदा खाली मान घालून म्हणाली. "त्याच आठवड्यात त्या आपल्या आईशी बोलून गेल्या. मी दाराआड होते."

हेमलतेचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. "आणि तरी तू मला राबू दिलंस? माझं सगळं आयुष्य डोळ्यांदेखत जाऊ दिलंस?"

"हो! आधी सुडापोटी... नंतर सोय म्हणून. क्षमा केली असं म्हटलं असतं, तर तू मला सोडून गेली असतीस. तू एकदा चुकलीस ग, मी मात्र रोज सकाळी उठून चुकत आले!" सुखदाने तिचे पिठाचे हात घट्ट धरले. "मला क्षमा कर, ताई. नाहीतर आज मीही तबकाला हात लावणार नाही."

क्षणभर हेमलतेच्या मनात संतापाचा डोंब उसळला. मग समोरचा तो रडवेला चेहरा तिने पाहिला, ज्याच्यासाठी तिने रात्री जागवल्या होत्या...

"केली क्षमा! केली, वेडे!"

आणि ती दचकून थांबली. सुखदाने आता आपली किती वर्षं चाकरी करावी, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता! आपल्यासारख्या मत्सरी बाईला जर असं फुकट देता येतं, तर ज्याने वधस्तंभावर जीव दिला त्याला आपण काय समजलो? मुकादम! मुकादम समजून त्याच्यासमोर नुसतं राबत राहिलो आपण!

पाळक तबक घेऊन दाराशी आले होते. "हेमलताबाई, मी काही विचारायला नाही आलो."

"माझ्याकडे द्यायला काहीच नाही, पाळकसाहेब," ती म्हणाली. "जे पुण्य वाटलं, तेही मातीमोल निघालं."

"मग अगदी बरोबर वेळ आहे ही. नीतिमत्त्व का कुणाला कमवून मिळतं, बाई? झोपलेल्या लेकरावर आई पांघरूण घालते, तसं ते घातलं जातं. लेकराला पत्ताही नसतो."

हात धुवायला हेमलता नळाकडे वळली, पण तशीच परत फिरली आणि पिठाने माखलेला तळवा तिने पुढे केला. तेवढ्यात सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "आधी सुखदाला द्या..."

"नाही, ताई," सुखदा म्हणाली. "आधी तू."

या वेळी हेमलता नाही म्हणाली नाही.