वलंदेजांच्या लढाईत नाना

"वारा कुठला धरू? डावीकडचा की उजवीकडचा?" यंत्रानं तिसऱ्यांदा विचारलं.

मालवणच्या नव्या संग्रहालयात आता जुनी चित्रं हलायची. झेंडे, शिडं, धूर बघून यंत्र वारा काढायचं, लाटा मोजायचं आणि चित्रातलं पुढचं एक मिनिट शेजारच्या काचेवर दाखवायचं. फळांचं चित्र दिलं, तर द्राक्षावर माशी येऊन बसायची. पण ही चारशे वर्षांपूर्वीची वलंदेज, म्हणजे डच, आणि इंग्रज आरमारांची लढाई, आणि यंत्र पार गोंधळलेलं.

"धूर उजवीकडं चाललाय, झेंडे डावीकडं," संग्रहालयाच्या प्रमुख कारखानीसबाई म्हणाल्या. "चित्रकाराला एवढंही कळत नव्हतं?"

"कळत होतं की." जुनी चित्रं दुरुस्त करणारा बाबल मयेकर पन्नाशीचा, पण खोड्या काही सुटल्या नव्हत्या. "झेंडा दिसला नाही, तर कप्तान चित्र घेईल? लग्नाच्या फोटोत मामा मान काढून उभा राहतो ना, तसं. खरा वारा धुराचा."

"मग तेच सांगते. आणि त्या छोट्या होडीत रुमाल बांधलेला माणूस कोण रे? यंत्र त्याच्यापाशीही अडतंय."

बाबल हसला, मग हसायचा थांबला.

बारा वर्षांपूर्वी तिथला रंग गळून पडला होता. ती जागा भरताना त्यानं थोरल्या भावाला बसवलं, नानाला. दर्यावर जगणाऱ्या गाबिताच्या घरातला असून नानाला बोट लागायची, म्हणून थेट तोफांच्या मध्ये. नानानं बघून चार शिव्या हासडल्या होत्या. पुढच्याच वर्षी नाना मासेमारीला गेला तो परतला नाही. काहीच सापडलं नाही.

धुराचा वारा धरला, तर होडी तोफेच्या तोंडाशी जाणार. झेंड्यांचा धरला, तर चौकटीकडं.

"उत्तर मागाहून बदलता येतं, बाई?"

"नाही. एकदाच."

"मग झेंड्यांचा धरा."

"आत्ता तर म्हणालास..."

"थाप मारली. माझी सवय नाही का तुम्हाला?"

बाईंनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं आणि यंत्राला तसं सांगितलं.

तोफा धडाडल्या. धूर फिरला. होडी वळून चित्राच्या काठाकडं निघाली. रुमालवाला मध्येच बाहेर वाकला.

"हा काय करतोय?"

"ओकतोय," बाबल हळूच म्हणाला. "हे मी नव्हतं रंगवलं, बाई."

होडी चौकटीबाहेर गेली. मिनिट संपलं, पण काच विझली नाही.

"चौकटीबाहेर वारा कुठला धरू?" यंत्रानं विचारलं.